लुकलुकती रेघ आणि साळूबाईचं बीळ

एका जंगलात सगळं काही होतं, फक्त कुणाचं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. म्हणून सिंहमहाराजांनी कॉम्प्युटर बसवला.

या बाळांनो, पुढे सरका. शेंगा घ्या, टरफलं खिशात टाका.

तर वडाखाली कचेरी उघडली. टाइप करायला सुतारपक्षी नेमला. त्याची चोच अशी चालायची की ऐकणाऱ्याला वाटावं, कढईत लाह्या फुटताहेत. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. तो पडद्याकडे बघत नसे.

"पडद्याकडे शिकाऊ बघतात," तो म्हणायचा.

पडद्यावरच्या चौकटी विणल्या होत्या कोळ्यानं. चौकटी कितीही असोत, नियम एकच. दाबलेलं अक्षर एका वेळी एकाच चौकटीत पडतं. जिच्यात ती बारीक रेघ लुकलुकते ती चौकट जागी, बाकीच्या पेंगत असतात. शिकलेले लोक याला फोकस म्हणतात. मी शाळेत फार टिकलो नाही, पण हे मला चटकन कळलं, कारण माझ्या दुकानातही तेच चालतं. गिऱ्हाईकं ढीगभर, आणि दुकानदाराचं ध्यान एकच. आमच्या समोरच्या रेवाशेठकडे एकदा गोदाकाकू साबुदाणा सांगत होत्या. तेवढ्यात मागून कुणी दणक्यात विचारलं, "शेठ, खिळे आहेत का?" काकूंचा उपास होता. घरी जाऊन पुडी सोडली तर आत खिळे!

म्हणून एकाचं तोलून होईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये. पण हे जंगलाला कोण सांगणार? तिथे शहाणे फार.

पहिला शहाणा मोर. तो कोळ्याकडे गेला.

"महाराजांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची माझी चौकट मागेच पडून राहते रे. ती उघडली की रेघ उडी मारून तिच्यात आली पाहिजे."

"आणि तेव्हा कुणी दुसरीकडे लिहीत असला तर?"

"त्यानं थांबावं. मी मोर आहे."

कोळ्यानं तसं विणून दिलं. ही बातमी प्रधान कोल्होबांना लागली.

"मोराची पुढे? मग माझी त्याच्याही पुढे. आणि तिच्यात 'होय' आधीच निवडून ठेव. रयतेला विचार करायचा त्रास नको."

आता कोल्होबांना चौकट कशाला हवी होती? टेकडीमागे साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. तिचं बीळ उन्हाळ्यातही गार असे. कोल्होबांना तिथे विश्रामगृह काढायचं होतं. त्यांनी दवंडी पिटली की सूर्य मावळेपर्यंत हरकत आली नाही, तर बीळ सरकारजमा.

साळूबाई चारही पिलं पाठीशी घेऊन कचेरीत आली.

"सुतारभाऊ, लिहा हो लवकर. बीळ गेलं तर ही लेकरं उघड्यावर पडतील. तरस तर वाटच बघतोय."

"सांगा. पण सावकाश नको, माझी चोच आखडते."

साळूबाई सांगू लागली. टकटक सुरू झाली. अर्ध्या वाक्यात मोराची चौकट टुणकन पुढे आली आणि पुढची सगळी अक्षरं तिच्यात पडली. मग कोल्होबांची चौकट आली: 'बीळ राजीखुशीनं सोडताय ना?' सुतारपक्ष्याचं वाक्य संपलं होतं. त्यानं ठसक्यात एंटर मारलं.

"झालं!"

"वाचून दाखवा की."

"वाचायचं कशाला? मी टाइप केलंय, बाई."

संध्याकाळी कोल्होबांची माणसं, म्हणजे लांडगे, बिळात शिरले. साळूबाई धावत दरबारात गेली.

महाराज खुशीत होते. "साळूबाई, तुझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पोचल्या. 'लेकरं उघड्यावर पडतील, तरस वाट बघतोय.' जरा वेगळ्या वाटल्या, पण भावना पोचल्या. वर बीळही राजीखुशीनं दिलंस!"

"महाराज, मी हरकत घेत होते! ती चौकट मध्येच तडमडली."

"एंटर दाबलं गेलं ना?"

"गेलं, पण..."

"दाबलं म्हणजे विचारपूर्वक दाबलं. हाच या राज्याचा कायदा."

पिलांना एका काटेरी झुडपात दडवून साळूबाई तडक कोळ्याकडे गेली. काटे ताठ उभे होते.

"काय रे मेल्या, कुणाचं मीठ खातोस?"

"माझ्यावर कशाला फिस्कारतेस? जो येऊन सांगतो त्याची चौकट मी पुढे आणतो."

"आणि जो लिहीत असतो त्याचं काय?"

"तो कधी सांगायला आलाच नाही. तो लिहीत असतो ना!"

 साळूबाईचे काटे हळूहळू खाली बसले.

"माझी एक चौकट विणशील? सगळ्यांच्या पुढे येणारी?"

"विणतो की. काय लिहू? बीळ परत द्या?"

"छे! आपलं मागायला गेलं की ताटकळत ठेवतात. ज्याच्याकडे मागायचं त्याचंच घ्यावं, मग तो आपलं आणून देतो."

बाळांनो, ही बाई दुकान काढती तर रेवाशेठचं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी महाराज स्वतः कीबोर्डवर बसले. मेजवानीचा बेत स्वतःच्या पंज्यानं लिहायची हौस.

"हरणातला ह कुठे ठेवलाय रे?"

"उजवीकडे, महाराज. अंमळ खाली," कोल्होबा म्हणाले.

सगळ्यांचे डोळे त्या 'ह'वर. पडद्याकडे कुणाचंच लक्ष नाही. शेवटी हरीण पुरं झालं आणि महाराजांनी ऐटीत एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं: 'राजाची गुहा साळूबाईला, साळूबाईचं बीळ राजाला. मंजूर.'

आता कुठे दरबारानं पडद्याकडे पाहिलं.

"महाराज, चुकून..." मोर पुटपुटला.

"चुकून? मी?" महाराज गुरगुरले.

"छे छे, विचारपूर्वक!" कोल्होबा घाईघाईनं म्हणाले. त्यांचं विश्रामगृह गेलं होतं, निदान मुंडकं तरी राहावं.

"मातीशी नातं सांगणारा राजा!" मोरानं पिसारा फुलवला.

आणि महाराज बिळात राहायला गेले. मुंडकं आत गेलं, बाकीचं राज्य उन्हात राहिलं. रयत दर्शनाला येई आणि शेपटीला नमस्कार करून जाई. नाक सोलवटलं, पाठ भाजली, तेव्हा महाराजांनी साळूबाईला बोलावणं धाडलं.

"साळूबाई, गुहा कशी आहे?"

"ऐसपैस आहे, महाराज. जरा वारा लागतो लेकरांना."

"मग पुन्हा अदलाबदल करू. तुझं बीळ तुला. कोल्होबा तिकडे फिरकणार नाहीत."

"माझी एक अट आहे."

सगळ्या जंगलानं कान टवकारले. आता ही माउली सांगणार की कुणी लिहीत असताना कुणाचीही चौकट मध्ये उडी मारणार नाही! म्हाताऱ्या वानरानं तर टाळी वाजवायला हात वर केले.

"माझी चौकट आहे तशीच राहू द्या," साळूबाई म्हणाली.

अट मंजूर झाली. पिलं गार बिळात झोपली. मग एक ससा हरकत लिहायला आला, आणि अर्ध्या वाक्यात एक चौकट टुणकन पुढे आली. त्याचं गाजराचं वावर कुणाच्या तरी बिळाला लागून होतं. कुणाच्या, ते मी सांगणार नाही. त्या बाई हल्ली माझं गिऱ्हाईक आहेत.

तात्पर्य: बाळांनो, जो मान खाली घालून आपलं म्हणणं लिहीत बसतो, त्याचं बीळ जातं. तेव्हा लिहू नका. दुसरा लिहीत असेल तिथे टुणकन पुढे उभे राहा. मात्र एंटर दाबण्याआधी पडद्याकडे बघणारा कुणी दिसला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. असली माणसं आपला धंदा बुडवतात.