माझा मुलगा जखमी पदावर आहे

माझा थोरला मुलगा तेलाच्या डेपोत जखमी पदावर आहे. आमच्या घराण्यात आजवर कुणाला इतक्या जबाबदारीचं काम मिळालेलं नव्हतं, म्हणून हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. ती तशीच राहू द्या.

तशी त्याची नेमणूक मदतनीस म्हणून झाली होती. पण डेपोत दर थोड्या दिवसांनी आगीची मॉक ड्रिल होते, आणि पहिल्याच ड्रिलमध्ये सुरक्षासाहेबांच्या लक्षात आलं की हा मुलगा पडतो फार छान. धाडकन नाही पडत. आधी गुडघा, मग कोपर, मग डोकं. पायाला लाल रंग लावून टाकीजवळ पडला आणि कण्हायला लागला, की पाहुण्यांच्या बायका तोंड फिरवतात. हे कण्हणं त्याने माझ्या गुडघेदुखीवरून उचललं, हे मी इथेच नोंदवून ठेवते. कारण साहेबांनी त्याच्या कौतुकाच्या भाषणात माझं नाव एकदाही घेतलं नाही.

वसाहतीत त्याला सगळे 'जखमी' म्हणूनच ओळखतात. जखमीची आई म्हणून मला नळावर पुढे घेतात.

या कामातही वरचे-खालचे असतात. सगळ्यात खाली घाबरून पळणारे. त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्यावर धुराने गुदमरलेले, त्यांच्यावर जखमी. आणि सगळ्यात वर मृत. मृताला सावलीतली जागा, अंगावर स्वच्छ पांढरी चादर, कण्हायचं नाही, काही नाही. राहायला दोन खोल्या जास्त. आमच्या मृतकाकांनी ती जागा इतकी वर्षं सांभाळली, चादरीखाली ते एकदाही शिंकले नाहीत. ते यंदा निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी माझ्या मुलाचं नाव पुढे होतं.

"आई, एकदाचे हे मृत झाले की मुलांना वेगळी खोली होईल," सून म्हणाली.

"बाई, जीभ आवर," मी म्हटलं. "बढती हवी, पण माझ्या पोराच्या बाबतीत तो शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. साहेबांना सांग, पदाचं नाव बदला."

साहेबांनी निरोप पाठवला की नाव वरून आलेलं आहे, बदलता येणार नाही.

तर त्या दिवशी मोठी ड्रिल होती. बाहेरून प्रमुख पाहुणे येणार होते, गुण द्यायला निरीक्षक आलेले होते, शहरातले सगळे बंब बोलावलेले होते. मैदानाच्या मधोमध लोखंडी हौद ठेवून त्यात थोडं तेल ओतलेलं होतं. पाहुणे येणार, स्वागत होणार, पाहुणे शिट्टी वाजवणार, सुरक्षासाहेब हौदाला मशाल लावणार, आणि मग बंबवाले तो विझवणार. ही आमची मंजूर आग. जखमी, मृत आणि गुदमरलेले आपापल्या जागी आधीच झोपलेले, पळणारे उभे. मी आणि सून पाहुण्यांच्या तंबूत पहिल्या रांगेत. वसाहतीतली बाकी मंडळी गच्चीगच्चीवर.

आग ठरल्यापेक्षा लवकर आली. आणि हौदात न येता पलीकडच्या पेट्रोलच्या टाकीवर आली.

आधी पंपाजवळ काहीतरी फटकन उडालं. मग असा आवाज झाला की माझ्या हातातला चहा सुनेच्या मांडीवर गेला. टाकीच्या टोपणावर ज्वाळा उभी राहिली आणि काळा धूर वर चढायला लागला. माझा मुलगा तिच्या शेजारच्याच टाकीच्या पायथ्याशी पडला होता.

सुरक्षासाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग हातातला कार्यक्रम पाहिला आणि म्हणाले, "ही आपली नाही."

"साहेब, आग आहे," बंबाचा कप्तान म्हणाला.

"आग आहे हो. पण ही आपली नाही. आपली हौदात आहे."

"मग नळ्या तिकडे वळवू का?"

"आणि पाहुणे आल्यावर हौद कोण विझवणार? मी? तुम्ही इथे ड्रिलसाठी आलायत. खऱ्या आगीसाठी वेगळं बोलवावं लागतं. नियम तुमचाच आहे."

नियम कप्तानाचाच होता, त्यामुळे नळ्या होत्या तिथेच राहिल्या. सुरक्षासाहेब तसे कर्तव्याला पक्के. त्यांनी लगेच बंबांच्या ठाण्याला फोन लावला. ठाण्यातून उत्तर आलं की सगळे बंब तुमच्याच डेपोत ड्रिलला गेलेत, परत आले की लगेच पाठवतो.

"ऐकलंत?" साहेब कप्तानाला म्हणाले. "परत जा लवकर, म्हणजे येता येईल."

मी उठले. सून माझ्या मागे. दोरीपाशी पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"कुठे?"

"माझा मुलगा आहे तिकडे."

"जखमीचे नातेवाईक आलेत, मावशी. ते बघा, रडतायत."

बघते तर भांडारातला कारकून. डोक्याला रुमाल, दंडाला नातेवाइकाची पिवळी पट्टी, 'माझ्या सोन्या रे' म्हणून छाती बडवत होता.

"अरे, मी खरी आई!"

"खऱ्या आईची तरतूद नाही," पहारेकरी म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता. त्याला आवाजही चढवावा लागला नाही.

कारकून रडता रडता थांबून म्हणाला, "मावशी, मन लावून करतोय मी. तुमच्यापेक्षा कमी पडणार नाही." मी त्याच्या दंडावरची पट्टी ओढून माझ्या दंडाला बांधली. पहारेकऱ्याने पट्टी पाहिली आणि दोरी वर केली. सून माझा पदर धरून मागोमाग आत शिरली. माणूस नियमाला धरून होता, एवढं म्हणेन.

टाकीपाशी गेले तर अंगाची लाही लाही व्हायला लागली. मुलाच्या पायावरचा लाल रंग वितळून मातीत उतरला होता. आणि हा ओठ न हलवता कण्हतोय.

"ऊठ!"

"आई, जा ना. निरीक्षक बघतायत."

"अरे, टाकी पेटलीय!"

"दिसतंय मला. पण शिट्टी झाली का? स्ट्रेचर आल्याशिवाय जखमीने उठायचं नाही. उठलो तर गुण जातील आणि मृताची जागा त्या गुदमरलेल्याला मिळेल. तो कालपासून माझ्याकडे बघून हसतोय."

मी त्याचा हात धरून ओढला. जागचा हलला नाही. लहानपणी शाळेला जायच्या वेळी असाच जड व्हायचा. सुनेने दुसरा हात धरला तर म्हणतो, "तू तरी समजून घे गं, दोन खोल्यांचा प्रश्न आहे."

"खोल्या गेल्या खड्ड्यात!" ती ओरडली. लग्न झाल्यापासून त्या पोरीचं मला एवढं एकच वाक्य पटलं.

निरीक्षक थोड्या अंतरावर टोपी घालून उभे होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. "साहेब, याला उठायला सांगा."

"जखमीला नातेवाइकांनी हात लावायचा नसतो, आजी. स्ट्रेचरच लागतं."

"मग आणा स्ट्रेचर."

"ते शिट्टीनंतर."

"मग वाजवा शिट्टी."

"ती पाहुण्यांनी वाजवायची."

"आणि पाहुणे?"

"त्यांची गाडी फाटकाबाहेर अडकलीय. रस्ता बंद केलाय."

"का?"

"आत आग लागलीय म्हणून."

मी आयुष्यात भल्याभल्यांची तोंडं बंद केली आहेत, दोन जावई त्यात धरून. पण या माणसाच्या तोंडून नियमच बोलत होता. वर टाकी अशी करकरत होती, जशी जुनी खाट कुणी जड माणूस बसला की करते.

"साहेब," मी म्हटलं, "तुमच्या त्या नियमात नातेवाइकांनी उचलून न्यावं असं कुणीच नाही का?"

त्यांनी गुणांचा कागद उलटून पाहिला. "आहे ना. मृत. ओळख पटली की मृत नातेवाइकांच्या ताब्यात देता येतो. त्याला शिट्टी लागत नाही."

मी मुलाकडे पाहिलं. तो कण्हत होता. माझ्या गुडघ्यांसारखा, अगदी हुबेहूब. जो शब्द मी घरात कुणाला उच्चारू दिला नव्हता, तो मीच तोंडातून काढला.

"मेला," मी म्हटलं.

"कोण?"

"हा. माझा मुलगा. मेला. ओळख पटली. मीच जन्म दिलाय, याच्याहून पटलेली ओळख तुम्हाला कुठे मिळणार? द्या ताब्यात."

निरीक्षकांनी वाकून मुलाकडे पाहिलं आणि मान हलवली. मुलाने एक डोळा उघडला.

"आई, खरंच? झाली बढती?"

"झाली. आता चल."

"मृत चालत नाही," निरीक्षक म्हणाले. ते ऐकलं आणि माझा लेक लाकडासारखा ताठ झाला. नव्या पदाची जबाबदारी त्याने तत्काळ स्वीकारली.

मग मी शेजारीच सावलीत झोपलेल्या मृतकाकांच्या अंगावरची चादर ओढली आणि मुलाला तिच्यावर लोटलं. एक टोक मी धरलं, एक सुनेने. कारकूनही रडत रडत धावत आला. त्याला वाटलं नातेवाइकांचं काम वाढलं. मृतकाका उघडे पडले होते.

"मलाही न्या हो," ते हळूच म्हणाले.

"तुमचे नातेवाईक कुठे आहेत?"

त्यांनी कारकुनाकडे बोट दाखवलं. "इतकी वर्षं हाच रडतोय माझ्यासाठी."

"मृत बोलत नाही!" निरीक्षक म्हणाले.

"मी निवृत्त झालो," मृतकाका म्हणाले आणि चादरीचं चौथं टोक धरून आमच्याबरोबर पळायला लागले. मग निरीक्षकही पळाले. पळणाऱ्यांना गुण किती द्यायचे ते तेवढं पाहून घेतो, म्हणाले. ते पळताना दिसले तसे गुदमरलेलेही उठून पळाले.

आम्ही दोरीच्या बाहेर पडतो न पडतो, तोच मागे पुन्हा तसाच आवाज झाला. माझा मुलगा जिथे कण्हत होता तिथली माती पेटली होती.

मी गच्च्यांकडे तोंड करून ओरडले, "अहो, खरी आहे आग! पळा! पोरांना घेऊन पळा!" गच्च्यांवरून टाळ्या आल्या. सगळ्यांनी मोबाइल वर धरलेले. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "यंदा संवादसुद्धा ठेवलेत." दुसरी म्हणाली, "म्हातारी कुठून आणली? काय जीव ओतते!"

पाहुणे शेवटी पायीच आले, धुरातून खोकत. स्वागत झालं. त्यांनी शिट्टी वाजवली. सुरक्षासाहेबांनी मशाल घेऊन हौद पेटवला, बंबवाल्यांनी तो विझवला, पुन्हा टाळ्या झाल्या. मग मात्र कप्तानाने कुणाला काही न विचारता नळ्या वळवल्या. शेजारच्या टाक्यांवर पाणी, जळत्या टाकीवर फेस. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत जळत राहिली. विझली तेव्हा त्या बंबवाल्यांचे डोळे तेवढे ओळखू येत होते.

निकाल चांगला लागला. ढाल आमच्याच डेपोला मिळाली. निरीक्षकांनी शेरा दिला की आग अत्यंत स्वाभाविक वाटली. एवढंच की जखमीच्या आईचा शोक कमी पडला, ती रडण्याऐवजी भांडत होती.

मुलाला दोन खोल्या मिळाल्या. तो आता मृत आहे, कायम आहे. सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी परत येतो. दारात आला की मी त्याला आधी कण्हून दाखवायला सांगते. तो म्हणतो, आता हे माझ्या पदाला शोभत नाही. मी म्हणते, कण्ह, नाहीतर जेवायला नाही. तो कण्हतो. मग मी वाढते.

साहेबांनी परवा मला मुद्दाम बोलावून घेतलं. पुढच्या ड्रिलपासून एक नवीन पद काढलंय म्हणाले. बघ्याचं. त्याला शिक्षण लागत नाही, माझ्याइतकंसुद्धा नाही. समोर काय चाललंय ते शेवटपर्यंत बघायचं, हवं तिथे हसायचं, कुणी खरी आग म्हणून ओरडलं तर 'काय सुंदर म्हणते' असं म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. माणसं शोधायची आहेत, तुमच्या ओळखीत कुणी आहे का, असं विचारत होते.

मी सांगितलं, शोधायला कशाला हवीत. जे हे वाचत इथपर्यंत आलेत, त्या सगळ्यांना घ्या.