सोनटक्के काकांनी स्वतःवरच केलेलं अपील

आमच्या इमारतीतल्या मांजरावर एकदा चौकशी बसली होती. गच्चीवर वाळत घातलेले कुरडयांसारखे तांदळाचे वडाम कोणीतरी विस्कटले. बायकांनी मांजराला हाकलायचं ठरवलं आणि सोनटक्के काका मध्ये पडले. "कोणी पाहिलं? आणि मांजराची बाजू कोण मांडणार?" काकांच्या समोरच्या दारात राहत असल्यामुळे ती मला मांडावी लागली. कावळ्यांचा विचारच कोणी केला नव्हता, या मुद्द्यावर मांजर निर्दोष सुटलं. काका दिवसभर खूश होते.

काका मूळचे साताऱ्याकडचे. उभी हयात इथे, चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरात, एका कारखान्यात गेली. शेवटची काही वर्षं ते खात्यांतर्गत चौकशा करायचे. कामगारानं काही गैर केलं की त्याला आधी आरोपपत्र, मग उत्तराची मुदत, मग सुनावणी. सुनावणीत त्याच्या बाजूनं बोलायला एक सहकारी मिळतो, त्याला बचाव सहायक म्हणतात. शिक्षा झालीच तर अपील. काका निवृत्त झाले, पण चौकशी अधिकारी काही निवृत्त झाला नाही. काकू गेल्यावर मुलीनं पुण्याला बोलावलं, तेव्हा "इथली कामं कोण बघणार?" म्हणाले. कामं म्हणजे आमचा ग्रुप.

चेन्नईतल्या मराठी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात कारखान्यातले आहेत, माझ्यासारखे बँकेतले आहेत, सिरुसेरीच्या संगणक कंपन्यांतली मुलं आहेत, आणि कित्येक पिढ्या इकडेच राहिलेली तंजावरची मराठी घरं आहेत. आधीचा ॲडमिन लहर फिरली की कोणालाही काढून टाकायचा. त्याच्या बायकोचे मोदक कडक झाले होते असं लिहिल्याबद्दल एक जण गेला तो गेलाच. मग काका ॲडमिन झाले आणि राज्य बदललं. तक्रार फक्त त्यांच्याकडे, खासगीत. तक्रारदाराचं नाव ते प्राण गेला तरी सांगत नाहीत. आधी दोन लेखी ताकिदी, मग फोनवर सुनावणी, मग शिक्षा. त्यावर अपील आहेच, आणि ज्यानं शिक्षा दिली त्यानं ते ऐकायचं नाही. ते मी आणि सिरुसेरीचा निखिल ऐकतो. आमचं एकमत झालं नाही तर आरोपी सुटतो.

निखिल आधी हसायचा. "काका, माणूस काढायला एक बटण पुरतं."

"फाशीलाही एकच खटका असतो," काका म्हणाले.

पुढे निखिलनं मला सांगितलं, की ज्या ऑनलाइन खेळात तो कॉलेजपासून होता तिथून त्याला एका सकाळी बाहेर काढलं. का, ते कळलं नाही. विचारलं तर प्रत्येक वेळी तेच ठरावीक उत्तर, आणि ते यंत्रानं पाठवलेलं. "समोर माणूसच नव्हता हो," तो म्हणाला. तेव्हापासून काकांची एकही सुनावणी तो चुकवत नाही.

तर कमलाक्कांचं प्रकरण. या टी. नगरच्या, तंजावरी मराठी घरातल्या, काकांच्याच वयाच्या. रोज सकाळी ग्रुपवर त्यांचे आवाजात रेकॉर्ड केलेले बोलके संदेश यायचे, आणि एकामागून एक यायचे. भाजीवाली काय म्हणाली, सासूबाई डांगर पचडी कशी करायच्या, मध्येच एखादं पद, मध्येच खोकला. बोलका संदेश दिवसाला एक, असा ग्रुपचा नियम आहे. तक्रारी आल्या. काकांनी पहिली ताकीद लिहिली. अक्कांनी उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले. दुसऱ्या ताकिदीला पुन्हा हात, सुनावणीच्या सूचनेलाही हातच. संदेश मात्र चालूच. सुनावणीच्या वेळी त्यांनी फोन उचलला नाही. काकांनी शेरा मारला, "आरोप मान्य, सुधारणा नाही," आणि अक्कांना महिनाभर ग्रुपबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांचे संदेश काकांच्या फोनवर यायला लागले. ग्रुप कुठे गेला ते त्यांना समजेना, आणि आपल्याला आपुलकीनं लिहिणारा एवढा एकच माणूस त्यांना माहीत होता. भाजीवाली, पचडी, पद, सगळं तिकडे. मी म्हटलं, "बंद करा की." काका म्हणाले, "शिक्षा झालेल्याचं ऐकू नये असा नियम नाही." आणि ते ऐकायचे. सकाळी माझ्या दारापर्यंत अक्कांचा आवाज यायचा आणि मधूनमधून काकांचं हसू.

मग एका सकाळी ते हातात फोन घेऊन माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसले. त्यांनी अक्कांचा संदेश लावला. "तुम्ही मागें मला काय की लिहून पाठविलांत. मला बाळबोध वाचायला येत नाही हो. बोलणें मराठी, वाचणें तमिळ. तुम्ही लिहिलांत म्हणजे चांगलेंच असेल, म्हणून मी हात जोडले."

मराठी बोलणाऱ्याला देवनागरी येणारच, हे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. म्हणून तर बिचाऱ्या लिहीत नव्हत्या, बोलत होत्या.

"नोटीस बजावलीच गेली नाही, अश्विनी," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मग घ्या ना त्यांना परत. तुम्हीच तर ॲडमिन."

"शिक्षा मी दिली. मीच कशी फिरवू? अपील करावं लागेल."

अक्कांना त्यांनी फोनवर अपील म्हणजे काय ते समजावलं. अक्का म्हणाल्या, "मला कुठें बोलायला येतें? तुम्हीच बोला."

सुनावणी रविवारी अक्कांच्या घरी झाली. बाहेर टी. नगरची गर्दी, आत आम्ही चौघं आणि पितळी पेला-वाटीतली कॉफी. काका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि अक्कांच्या बाजूच्या खुर्चीत बसले. उभे राहून त्यांनी जे सुरू केलं ते मी जन्मात विसरणार नाही. "चौकशी अधिकाऱ्यानं अक्षम्य हलगर्जी केली आहे. आरोपीला नियम कळला का, हे त्यानं साधं विचारलं नाही. नमस्काराला त्यानं कबुली मानलं."

निखिलनं विचारलं, "चौकशी अधिकारी म्हणजे तुम्ही ना?"

"तो इथे हजर नाही," काका कडाडले. "आणि हजर असता तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता."

अक्का निखिलला हळूच म्हणाल्या, "पावम, बिचारा तो. त्या अधिकाऱ्याला फार बोलूं नका." निखिलला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. आपल्या हातून चूक झाली की कुठलीही खुर्ची ती झाकते, हे मी नोकरीत रोज बघते. इथे एक म्हातारा स्वतःला पाडायला जिवाच्या आकांतानं भांडत होता. हा माणूस आमचा आहे, या परगावातल्या मराठी लोकांचा आहे, याचा मला इतका अभिमान वाटला की निकाल मी उभी राहून सांगितला. शिक्षा रद्द. ग्रुपचे सगळे नियम काकांनी आवाजात सांगायचे आणि निखिलनं ते तमिळ लिपीत करून घ्यायचे, असंही आम्ही ठरवलं.

तिथेच काकांनी अक्कांना पहिला नियम समजावला. बोलका संदेश दिवसाला एकच.

"सेरी, बरं," अक्का म्हणाल्या. "एक म्हणजे एक."

आणि खरोखरच, अक्का आता ग्रुपवर रोज एकच संदेश टाकतात. लोक त्याची वाट बघतात. कोणी पचडीचं प्रमाण विचारतं, कोणी पद पुन्हा म्हणायला सांगतं. सिरुसेरीची दोन मुलं तर त्यांच्याकडे जेवून आली.

परवा बँकेत निघताना मी काकांकडे डोकावले. कॉफी निवून गेली होती आणि फोन समोर टेबलावर पडला होता. मी म्हटलं, "काका, तुमच्यामुळे अक्कांना किती माणसं मिळाली."

"हो," ते म्हणाले. "आता मला वेगळा संदेश येत नाही. जो येतो तो सगळ्यांबरोबर."

"मग सांगा ना त्यांना, तुम्हालाही पाठवत जा म्हणून."

"कशाला? तिला आता ऐकणारे आहेत."

मला राहवलं नाही. "हे असं होणार ते अपील करताना तुमच्या लक्षात नव्हतं आलं?"

काकांनी फोन उलटा करून ठेवला.

"आलं होतं," ते म्हणाले. "सुनावणी त्याच्या आधीच्या रविवारीही घेता आली असती. तुम्ही दोघं मोकळे होता. मीच तुम्हाला पुढचा रविवार सांगितला. तेवढ्याच आणखी सात सकाळी."

मी खांद्यावरची पर्स काढून ठेवली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन नवी कॉफी टाकली. त्या दिवशी मी बँकेत उशिरा पोचले.