पाय दिसले की बसायचं

मास्तरांनी आवारातल्या सगळ्यांना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवलं आणि स्वतः आपल्या गाडीला टेकून उभे राहिले. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षकाला समोर बसलेली माणसं मिळाली की त्याची कळी खुलते.

"गाडीच्या पोटाखाली एक डबा असतो," मास्तर म्हणाले. "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनाचा धूर त्यातून स्वच्छ होऊन बाहेर पडतो. आत मौल्यवान धातू असतो, म्हणून चोर गाडी नेत नाही, नुसता डबा कापून नेतो. मागच्या गल्लीतून परवाच एक गेला."

"मग करायचं काय?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. काकू देहानं भरभक्कम आणि मनानं लोण्यासारख्या.

"गाडीखाली पाय दिसले की त्यांवर बसायचं. आणि त्याचं काही ऐकायचं नाही. चोर गोड बोलतो. म्हणेल, गाडी माझीच आहे. म्हणेल, नंबर रंगवतोय. ओळखीचा आवाज काढेल, रडेलसुद्धा. विरघळायचं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी काकूंकडे बघून म्हटलं, कारण काकूंचे डोळे आत्ताच भरून आले होते. शेजारच्या शिंपीकाकांनी मान डोलावली. मास्तरांचा शब्द न् शब्द मंडळींच्या अंतःकरणात उतरला. उपदेश करणाऱ्याच्या वाट्याला एवढं भाग्य क्वचित येतं, आणि आलं की काय होतं ते आता ऐका.

त्याच आठवड्यात मास्तरीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मास्तर सकाळी त्यांना गाडीतून दवाखान्यात सोडून आले आणि दुपारी गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी दहाला पट्टी सुटायची होती. "पट्टी सुटली की पहिलं तोंड तुमचंच बघणार," बाईंनी बजावलं होतं. "उशीर केलात तर डोळे मिटून बसेन." मास्तर जन्मात कुठे वेळेवर पोचले नव्हते, स्वतःच्या लग्नालासुद्धा. या वेळी मात्र त्यांनी वेळेवर पोचायचा पण केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फार लवकर तयार झाले, आणि हातात रिकामा वेळ आहे म्हटल्यावर त्यांना ब्रश आठवला.

डब्यावर गाडीचा नंबर रंगवला तर चोराला तो खपवता येत नाही, असं मेकॅनिकनं सांगितलं होतं. मास्तरांनी चांगल्या कपड्यांवर रंगाची जुनी पँट चढवली, रंगाचा वास नको म्हणून नाकाला रुमाल बांधला आणि मागच्या बाजूनं गाडीखाली सरकले. पाइपच्या शेवटी एक फुगीर डबा दिसला. त्याच्या पुढे हात चालवायला ऐसपैस जागाही होती. मास्तर खूश झाले. जीव ओतून एकेक आकडा काढत ते शेवटच्या आकड्यावर आले.

"काकू, पाय," बाहेरून शिंपीकाकांचा आवाज आला.

पुढच्या क्षणी मास्तरांच्या नडग्यांवर आभाळ उतरलं.

"काकू, उठा. मी आहे, मास्तर."

"ओळखीचा आवाज काढतोय," काका म्हणाले.

"अगदी हुबेहूब हो," काकू कौतुकानं म्हणाल्या.

"अहो, गाडी माझी आहे. नंबर रंगवतोय."

"बघा, जसं सांगितलं होतं तसंच चाललंय."

"काका, माझी पँट तुमच्याकडे दोन महिने शिवायला पडलीय. चोराला हे कसं कळेल?"

"माझ्याकडे कुणाची पँट पडलेली नसते? हे कुणीही सांगेल."

"माझी बायको दवाखान्यात डोळे मिटून बसली असेल हो." मास्तर काकुळतीला आले.

"आता रडणार," काका म्हणाले.

काकूंनी नाक ओढलं. "थोडीशी विरघळू का?"

"मास्तर काय म्हणाले होते?"

"नाही विरघळत." आणि काकू अधिकच नीट बसल्या.

"मग मास्तरांना तरी बोलवा," मास्तर गाडीखालून म्हणाले.

हे काकांना पटलं. ते जाऊन बेल वाजवून आले. "घरात नाहीत. वेळेवर निघाले वाटतं. कमाल आहे."

"गाडी इथे असताना निघतील कसे?"

"टॅक्सीनं. तुला काय करायचंय?"

टॅक्सी आली, पण बाहेरून आत. काळा चष्मा लावलेल्या मास्तरीणबाई उतरल्या. त्या पुष्कळ वेळ डोळे मिटून बसल्या होत्या, शेवटी नर्सला खुर्ची हवी झाली. त्यांनी फाटकातूनच विचारलं, "काकू, आमच्या ह्यांच्यावर का बसलात?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"एक मोजा करडा, एक निळा. असं दुसरं कोण घालणार?"

मास्तरांना ओढून बाहेर काढलं. कपाळावर पांढरा रंग, तोंडावर अपराध. "तुझ्या डोळ्यासमोर पहिलं मी यायचं होतं," ते पुटपुटले.

"आलात की. दर्शन पायांचंच घेतात," बाई म्हणाल्या.

निदान एक फेरी तरी मारून आणू म्हणून मास्तरांनी गाडी सुरू केली. गाडी अशी गरजली की भिंतीवरचं मांजर उडी मारून पळालं. मास्तर उतरले आणि वाकून बघू लागले. त्या ऐसपैस जागेच्या दोन्ही बाजूंना पाइप करवतीनं कापलेला होता; खरा डबा गेला होता. त्यांनी रंगवला होता तो नुसता सायलेन्सर.

"काल इथे कुणी आलं होतं?"

"तुमचा माणूस आला होता ना," काका म्हणाले. "दुपारी, तुम्ही झोपला होतात तेव्हा. जॅक हलत होता, तो मी धरला."

"मी त्याला पाणी दिलं," काकू म्हणाल्या. "करवतीचा आवाज फार, म्हणून तुमची खिडकीही लोटून घेतली. झोपमोड नको."

"आणि पायांवर बसला नाहीत?"

"बसणारच होते. पण तो एक अक्षर बोलला नाही. गाडी माझी म्हणाला नाही, रडला नाही. मग चोर कसा म्हणायचं त्याला?"

मास्तर पुन्हा खाली वाकून ती रिकामी जागा चाचपू लागले.

डॉक्टरांनी वाकायला मनाई केल्यामुळे बाई गाडीच्या मागे, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. तिथून गाडीचं पोट दिसत होतं. त्यांनी चष्मा किंचित वर केला.

"किती स्वच्छ दिसतंय हो. आणि अक्षर तर काय सुरेख काढलंय. शेवटचा आकडा तेवढा गटारीत गेल्यासारखा वाकडा झालाय."

"तेव्हाच मी बसले," काकू हळूच म्हणाल्या.