टॉवर मीच बसवतो

लसूण सोलताना माणसाने बोलू नये. हात गुंतलेले असतात, नजर खाली असते आणि जीभ मोकळी सुटते. 'टॉवर मीच बसवतो' हे वाक्य मी लसूण सोलतानाच बोलून बसलो.

त्याचं झालं असं, की आमच्या घरासमोर चार मजली इमारत उभी राहिली आणि आमच्या टीव्हीवरचं चित्र गेलं. राहिल्या त्या नुसत्या मुंग्या. बातम्या लावल्या तरी मुंग्या, सिनेमा लावला तरी मुंग्या. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं, कारण मी ऐकण्यापेक्षा बोलण्यात रमणारा माणूस आहे. (ऑफिसात मला 'रेडिओ' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं मी धरून चाललोय.) पण बायकोची गोष्ट वेगळी होती. दोन महिन्यांपूर्वी टीव्हीवाले येऊन तिची गच्चीवरची बाग टिपून गेले होते, तिची मुलाखतही घेऊन गेले होते. मी तेव्हा ऑफिसात होतो. काय विचारलं, तू काय सांगितलंस, म्हणून मी तिच्या मागे लागलो. ती म्हणाली, "शनिवारी चार वाजता दाखवणार आहेत. तेव्हा कळेल."

ती ग्रंथपाल आहे. दिवसभर लोकांना गप्प बसवण्याची नोकरी, त्यामुळे घरीही मोजकंच बोलते. पण या कार्यक्रमाचं तिने वाचनालयातल्या झाडून सगळ्या लोकांना सांगितलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या शनिवारभोवती लाल पेनाने गोल केला होता. सतरा वर्षांत तिने माझ्या वाढदिवसाभोवतीसुद्धा गोल केलेला नाही.

म्हणून अँटेनासाठी अठरा फुटी लोखंडी टॉवर बनवून घेतला. वेल्डिंगवाला तो गच्चीवर आडवा टाकून गेला आणि म्हणाला, "उभा करायला सोमवारी येतो." शनिवारचा कार्यक्रम, आणि हा येणार सोमवारी!

मेहुणा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याचं गॅरेज आहे आणि वजन शंभराच्या वर आहे. तो म्हणाला, "ताई, मी बघतो कोणीतरी माणूस. भावोजींना काही हे जमायचं नाही."

"का नाही जमायचं?" मी लसूण सोलता सोलता म्हणालो. "टॉवर मीच बसवतो!"

बायकोचा हात फोडणीवरच थांबला. "तुम्ही? गच्चीवर?"

"मग काय झालं?"

"अहो, राहू द्या ना. मी शेजारी जाऊन बघेन."

"शेजारी? स्वतःचं घर असताना?" माझा आवाज उगाचच चढला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने बघतेय.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला उंचीची भीती वाटते. साधीसुधी नाही, चांगली हाडात मुरलेली भीती. स्टुलावर उभा राहिलो की कधी एकदा जमिनीला पाय लागतात असं होतं. ऑफिसात वरच्या कप्प्यातली फाइल लागली की मला धुळीची ॲलर्जी होते. घरातले बल्ब बायको बदलते, माळ्यावर बायको चढते, आणि आमच्याच घराच्या गच्चीवर मी सतरा वर्षांत पाऊल ठेवलेलं नाही. ऊन लागतं, गुडघा दुखतो, चप्पल सापडत नाही, अशी कारणं मी आलटूनपालटून वापरत आलो. हिला यातलं काही म्हणजे काही कळू दिलेलं नव्हतं. त्याचं कारण असं, की लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हाच मी तिला सांगून बसलो होतो, की कॉलेजात असताना पाण्याच्या टाकीच्या टोकावर चढून मी फलक लावला होता. (फलक लागला होता हे खरं. मी खाली उभा राहून 'जरा डावीकडे घे' म्हणत होतो.) तो टाकीवरचा तरुण मी सतरा वर्षं सांभाळला होता. शनिवारी तो हातचा जाणार, या विचाराने माझी जेवणावरची वासना उडाली.

पण भित्र्या माणसाचं डोकं फार चालतं. शुक्रवारी ऑफिसात बसून मी युक्ती काढली. टॉवर आडवाच आहे ना? मग अँटेना आडव्या टॉवरलाच बसवायचा, वायर तिथेच जोडायची, चारी बाजूंच्या ताणाच्या तारा आधीच टोकाला बांधून ठेवायच्या आणि मग सगळं एकदम उभं करायचं. वर चढायचा प्रश्नच नाही!

शनिवारी दुपारी मी जिना चढलो. भिंतीला पाठ लावून चढलो. गच्चीचं दार उघडलं, आणि एकदम इतकं आभाळ अंगावर आलं की मी खालीच बसलो. "उन्हाने जरा चक्कर आली," असं मी मेहुण्याला सांगितलं. (ढग भरून आले होते.)

बसल्या बसल्या बाग पाहिली. जिकडेतिकडे कुंड्या. टोमॅटो, मिरच्या, मोगरा, कसले कसले वेल. मधोमध एक वेताची खुर्ची होती, एकच. तिच्यावर एक उशी होती, जी मी घरात दोन वर्षं शोधत होतो. हे दोन्ही पाहून मला काहीतरी समजायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष कठड्यापासून लांब राहण्यात होतं.

काम मी रांगत केलं. पोटावर झोपून अँटेनाच्या काड्या बसवल्या, क्लॅम्प आवळला, तारा बांधल्या. मेहुण्याने विचारलं, "भावोजी, झोपून का करताय?"

"बारीक काम आहे. जवळून बघावं लागतं."

एवढ्यात शेजारचे निवृत्त ओव्हरसियर आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण कुठे काही उभं राहत असलं की त्यांना घरात चैन पडत नाही. "मी नोकरीत असे चाळीस खांब उभे केलेत," ते म्हणाले.

"पडले किती?" मेहुण्याने विचारलं.

"तू दोर धर आधी."

टॉवरचा पाया बोल्टमध्ये अडकवला, मेहुण्याने दोर ओढला, ओव्हरसियर ओरडत राहिले आणि मी डोळे मिटून ढकलत राहिलो. टॉवर करकरला, डुलला, आणि उभा राहिला! तारा कठड्याच्या कड्यांना आवळल्या. साडेतीन वाजले होते. मी न चढता टॉवर उभा केला होता. मी मोठ्या रुबाबात खाली हाक दिली, "अगं, लाव टीव्ही!"

खालून आवाज आला, "मुंग्या!"

"दिशा बघा," ओव्हरसियर म्हणाले. दिशा बरोबर होती. मी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर दोन छोटे नट टणटण करत गच्चीवर पडले.

ते कुठले, हे मला पाहताक्षणी कळलं. वायर अँटेनाला आवळायचे नट. सांडू नयेत म्हणून मी खिशात ठेवले होते. तिघांनीही वर पाहिलं. अठरा फुटांवर वायरचं टोक वाऱ्यावर मजेत हलत होतं.

"पुन्हा आडवा करू," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"वीस मिनिटं राहिलीत," ओव्हरसियर म्हणाले. "कोणीतरी चढा. माझा गुडघा गेलाय."

"मी चढलो तर टॉवर जाईल," मेहुणा म्हणाला. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

जिन्याच्या दारातून बायको म्हणाली, "काही नको चढायला! अहो, नाही दिसला कार्यक्रम तर नाही दिसला." पण तिने नवी साडी नेसली होती. टीव्ही बघायला! ती साडी बघितली आणि मी नट तोंडात धरले, पाना कमरेला खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

ती चढाई मी कधी विसरणार नाही. तिसऱ्या पायरीपर्यंत मला बायको आठवत होती. पाचव्या पायरीवर आई आठवली. आठव्या पायरीवर मला कोणीच आठवेना, माझं नावसुद्धा. टॉवर हलतोय की मी थरथरतोय ते कळायला मार्ग नव्हता, कारण दोघं एकाच चालीत हलत होतो. "खाली बघू नका!" ओव्हरसियर ओरडले, म्हणून मी खाली बघितलं. मेहुणा एवढासा दिसत होता. मेहुणा एवढासा दिसतो म्हणजे मी किती उंच असेन याचा हिशेब मनात झाला आणि मी घाईघाईने पुन्हा वर बघायला लागलो.

नट कसे लावले ते विचारू नका. एका हाताने टॉवर, एका हाताने पाना, आणि तोंडाने नाही नाही ते नवस. शेवटचा फेरा आवळला आणि खालून बायकोचा आवाज आला, "आलं! चित्र आलं!"

"उतरा आता, भावोजी!" मेहुणा ओरडला.

मी पायांना सांगितलं, उतरा. पाय हलले नाहीत. पुन्हा सांगितलं. हातांनी तर टॉवर असा धरला होता, की ते माझे हात आहेत हे कबूल करायलाच तयार नव्हते. आता आपण कायमचे इथेच, असं मला अगदी खरंच वाटलं. रडू येत होतं. पण खाली मेहुणा होता, ओव्हरसियर होते, आणि दारात ती परत येऊन उभी होती. मी ओरडलो, "मी उतरणार नाही! अँटेना धरून बसलोय! मी सोडलं तर मुंग्या येतील!"

मग ओव्हरसियर म्हणाले, "वा! याला म्हणतात नवरा." चार वाजत आले होते, सगळे खाली गेले. मेहुण्याने मला ऐकू यावं म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा केला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका मोठा.

मी डोळे घट्ट मिटून ऐकत होतो. आधी संगीत झालं. मग निवेदिकेचा गोड आवाज आला, "तुमच्या घराला अंगण आहे. मग बागेसाठी गच्चीच का निवडलीत?"

मग माझ्या बायकोचा आवाज. "खरं सांगू? आमचे हे फार बोलतात. माणूस सोन्यासारखा आहे, पण उठल्यापासून झोपेपर्यंत बोलतात. आणि त्यांना उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढले तरी घाम फुटतो. त्यांना वाटतं मला माहीत नाही. सतरा वर्षांत एकदाही गच्चीवर आलेले नाहीत. मग मी म्हटलं, घरात एवढी एकच जागा आहे जिथे ते येणार नाहीत. पण तिथे जाऊन बसायला निमित्त तर हवं. म्हणून एक टोमॅटो लावला."

"आणि आता?"

"आता बासष्ट कुंड्या आहेत."

निवेदिका हसली. खाली मेहुणा हसला. ओव्हरसियर खोकेपर्यंत हसले. मी अठरा फुटांवर टॉवरला मिठी मारून त्या बासष्ट कुंड्यांच्या बरोबर वर लटकत होतो, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. "अहो," तिचा आवाज आला, अगदी टॉवरच्या पायथ्याकडून.

"तुझा कार्यक्रम चाललाय ना?" मी डोळे न उघडता म्हणालो.

"मी काय बोलले ते मला माहितीय. उतरता येत नाहीये ना?"

मी टॉवरला आणखी घट्ट बिलगलो. मग म्हणालो, "नाही. मला फार भीती वाटतेय गं."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" हेही मी मग विचारलंच.

"पहिल्या महिन्यापासून. पडदे लावताना तुम्ही स्टुलावर देवाचं नाव घेत होतात. आता डोळे मिटलेलेच ठेवा आणि बोला."

"काय बोलू?"

"काहीही. बोलायला लागलात की तुम्हाला दुसरं काही कळत नाही."

मी ऑफिसातल्या हरवलेल्या फायलीची गोष्ट सुरू केली. ती साहेबांच्या कपाटात कशी गेली, मी आधीच कसं बजावलं होतं, हेडक्लार्क कसा उलटला. मधूनमधून ती म्हणत होती, "उजवा पाय खाली... हं, मग साहेब काय म्हणाले? आता डावा..." साहेबांचं उत्तर मी नक्कल करून सांगत होतो तेवढ्यात ती म्हणाली, "आलात. गच्चीवर उभे आहात." मी डोळे उघडले. माझे दोन्ही पाय मोगऱ्याच्या कुंडीत होते. मी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

कार्यक्रम संपला होता. चित्र मात्र शेवटपर्यंत काचेसारखं स्वच्छ होतं, मी धरलं नसतानाही, असं मेहुण्याने मला मुद्दाम सांगितलं.

त्या दिवसापासून माझी भीती जरा कमी झाली. म्हणजे टॉवरची नाही, गच्चीची. आता मी रोज संध्याकाळी चहा घेऊन वर जातो. दुसरी खुर्चीही नेऊन ठेवलीय. ऑफिसात दिवसभर काय काय झालं ते तिला निवांत सांगता येतं.

परवा वर गेलो तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या. इकडेतिकडे शोधलं आणि मग वर बघितलं. बायको पदर खोचून टॉवरवर बसली होती, बरोबर दहाव्या पायरीवर, गुडघ्यावर पुस्तक उघडं ठेवून.

"अगं, तिथे काय करतेस?"

"अँटेना धरून बसलेय," ती पान उलटत म्हणाली. "मी सोडलं तर मुंग्या येतील."

सकाळपासून वीज नव्हती.