जकातीचा अर्ज

वेणीमाधव मास्तरांना माडीवरची खोली हवी होती. खालच्या त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागूनच घरमालक वीरभद्रप्पांचे सहा माग होते, आणि ते दिवसभर असे खडखडत की नवराबायकोला भांडायचे झाले तरी अमावास्येची वाट पाहावी लागे. त्या दिवशी माग बंद असत.

प्रभाबाईंना पाचवा महिना लागला होता. गेल्याच अमावास्येला त्यांनी सांगून टाकले होते, "येत्या अमावास्येपर्यंत वरची खोली मिळाली नाही, तर मी केमला माहेरी निघाले. बाळाचं बारसं झालं तरी या खडखडाटात परत यायची नाही."

त्यामुळे "मास्तर, एक अर्ज लिवून द्या की," म्हणत वीरभद्रप्पा स्वतः दारात उभे राहिले, तेव्हा मास्तरांना देव पावल्यासारखे वाटले.

"कसला अर्ज?"

"जकातीचा. जपानी कापडानं वाटोळं केलंय आमचं. आमचं लुगडं तीन रुपयांचं, चाटी गल्लीतल्या दुकानांत तसलंच जपानी दोनला मिळतंय. सरकारला लिवा, असा कर बसवा म्हणावं की आगबोट मुंबईला लागायच्या आदीच माघारी फिरली पायजे. अर्ज झाला की माडीवरची खोली तुमची. हाय त्याच भाड्यात."

मास्तर शाळेत भूगोल शिकवत. अर्थशास्त्राचे त्यांनी एकच पुस्तक वाचले होते, आणि एकच वाचल्यामुळे त्यांच्या मनात कसलीही शंका उरलेली नव्हती. त्यांना राहवले नाही.

"वीरभद्रप्पा, तसं पाहिलं तर यात गिऱ्हाइकाचा फायदा आहे. जी बाई तीन रुपये द्यायला तयार होती, तिला लुगडं दोनला मिळालं. उरलेला रुपया हा तिचा लाभ. तुमचं नुकसान होतं खरं, पण सगळ्या गिऱ्हाइकांचा लाभ तुमच्या नुकसानीपेक्षा जास्त भरतो. एकूण चांगलंच!"

"त्यो रुपाया माझा हुता की, मास्तर!"

मास्तरांना माडी आठवली. त्यांनी मुकाट्याने दौत उघडली.

अर्जाला पेठेतल्या पन्नास सह्या हव्या होत्या. अमावास्येला ओसरीवर घोंगडी पसरली गेली. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या धोंडप्पाने टाक हातात घेतला आणि तो थांबला.

"ह्यात छत्री कुटं हाय?"

"अर्ज कापडाचा आहे," मास्तर म्हणाले.

"मग छत्रीला काय पत्रा लावत्यात व्हय? जपानी छत्री मोडली की लोक फेकून देत्यात अन् नवी घेत्यात. दुरुस्तीला कोण येतंय? छत्री घाला, मग सही."

मास्तरांनी छत्री घातली. पुढे लाखेच्या बांगड्या करणारा तिप्पण्णा आला. त्याने अर्ज वाचून घेतला.

"काचंच्या जपानी बांगड्या घाला. अन् छत्री खोडा."

"छत्री का खोडायची?"

"पावसात बांगड्या घेऊन मी गावोगाव फिरतोय. स्वस्त छत्री नको व्हय मला?"

धोंडप्पा ताडकन उठला. "चार पोरी हायत मला! बांगड्या म्हाग करतोस व्हय रे?"

मास्तरांनी अर्जाला वजन यावे म्हणून आपल्याच मनाने 'सूत व नकली रेशीम' हेही घातले होते. ते ऐकताच पलीकडचा मागवाला रुद्रप्पा ओरडला, "आमच्या लुगड्याचे काठ जपानी रेशमाचे असत्यात, मास्तर! आमालाच मारताय व्हय?" वीरभद्रप्पांनी स्वतःच्या हाताने ते शब्द गिरबटून टाकले.

दुपारपर्यंत अर्ज चार वेळा नव्याने लिहून झाला. करावर कुणाचाच राग नव्हता, फक्त आपण विकत घेतो त्यावर तो नको होता. सकाळी दुकान उघडताना ज्याला कर हवासा वाटे, त्यालाच संध्याकाळी पिशवी घेऊन निघताना तो नकोसा होई. मास्तरांना या अडाणीपणाची मनातून भारी गंमत वाटत होती.

शेवटी वीरभद्रप्पांनीच तोड काढली. "कुणाचंच खोडायचं न्हाय. सगळ्यांचं घाला."

अकरा कलमे झाली. प्रत्येकाला एका जिनसेत चार पैसे जास्त मिळणार होते आणि दहा जिनसांत जास्त मोजावे लागणार होते. पन्नास माणसे सह्या करून, पान खाऊन, आनंदाने घरी गेली. आतून वीरभद्रप्पांच्या बायकोने, सावित्रम्मांनी विचारले, "मग आता सगळंच म्हाग व्हणार म्हणा की?" पण त्यांची सही कुणालाच नको होती.

सकाळी टपालात टाकायचा म्हणून अर्ज काखेत मारून मास्तर खोलीत आले. "बांधाबांध कर, माडी मिळाली!"

"वर तर कुणीतरी ट्रंका चढवतंय," प्रभाबाई म्हणाल्या.

मास्तर जिन्याकडे धावले. चार ट्रंका वर पोचल्या होत्या आणि वीरभद्रप्पा पाचवीला हात देत होते.

"मुंबईचे एजंट हायत. जपानी कापडाचे," ते हळूच म्हणाले. "दुप्पट भाडं देत्यात."

"अहो, पण तुम्ही मला शब्द दिला होता!"

"दिला हुता की. पण तुमीच शिकवलंत, मास्तर. तुमचं नुकसान झालं खरं, पण माजा लाभ त्यापेक्षा जास्त भरतोय. एकूण चांगलंच!"

मास्तर खाली आले. प्रभाबाई बांधलेल्या बोचक्यावर बसल्या होत्या.

"यावर तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

मास्तरांचा संताप आणि लाज एकदमच उफाळून आली. त्यांनी दौत उघडली. अकरावे कलम आणि सह्या यांच्यामध्ये दोन बोटे जागा होती. तिथे त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले : 'बारावे, परगावच्या भाडेकरूंवर भाड्याच्या दुप्पट कर बसवावा.'

प्रभाबाईंनी वाकून अर्ज वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"छान आहे. तेवढं पहिलं कलम खोडा."

"कापडाचं? अगं, सगळा अर्जच त्याच्यासाठी आहे!"

"केमला जाताना आईला लुगडं न्यायचंय," प्रभाबाई म्हणाल्या. "दोन रुपयांचं."

मास्तरांनी शाळेची पट्टी घेतली आणि पहिले कलम सरळ रेघेत खोडले. दुसऱ्या दिवशी अर्ज, लुगडे आणि प्रभाबाई एकाच गाडीने गेले.