अठरावा पंप

नेमबाजी माझ्या रक्तातच आहे. म्हणूनच नातवाच्या बारशाला बोकड घ्यायचे पैसे डब्यातून काढून मी छर्‍याची बंदूक घ्यायचं ठरवलं. बायको, विनार्सी, रिकाम्या डब्यात डोकावली.

"अहो, आणि बोकड?"

"सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस काय? बोकड! मग विकत कशाला घ्यायचा? बंदूकही राहील, बोकडही येईल!"

"चार वर्षं माझा भाऊच जिंकतोय."

"तारमुजीकडे बंदूक होती. माझ्याकडे नव्हती."

कासान उस्ताद हे आमच्या पारे गावातले जुने बंदूक-कारागीर, स्पर्धेचे पंचही तेच. त्यांनी एक हलकी बंदूक पुढे केली. "ही घे. सहा पंप मारायचे, नेम धरायचा, चाप ओढायचा. कागदाला भोक पाडायला एवढी हवा पुष्कळ झाली."

"तारमुजीची कुठली?"

"हीच."

मग मी ती कशी घेणार? भिंतीवरची सर्वांत मोठी मागितली. उस्तादांनी सुस्कारा टाकला. "हिला दहा पंप. अकरावा मारू नकोस. जास्त हवा कोंबली की आतली झडप अडकते, मग नुसता चाप ओढत बस." मी जाणकारासारखी मान हलवली.

स्पर्धेत प्रत्येकाला पाच छर्रे. चार झाले तेव्हा मी आणि तारमुजी बरोबरीत! त्याचा पाचवा काळ्या ठिपक्याच्या जरासा बाहेर गेला. बोकड माझ्याकडेच बघत होता. वाटलं, शेवटच्या छर्‍याला हवा थोडी जास्त दिली, तर काम पक्कं! दहानंतर दंड भरून आले, पण लोक मोठ्याने मोजत होते. लोक मोजायला लागले की माणसाला थांबता येत नाही. अठरा झाले.

पालथा पडलो, नेम धरला, चाप ओढला.

काही नाही.

पुन्हा ओढला. काही नाही!

"हलू नकोस!" उस्ताद ओरडले. "आत छर्रा आहे. नळी मातीच्या ढिगाकडेच राहू दे. हवा हळूहळू झिरपेल."

"किती वेळ लागेल?"

"भरली कोणी?"

माझा बार होईपर्यंत निकाल लागेना आणि बोकडही कुणाला देता येईना. मागे पोरांची पापड खायची शर्यत झाली, सरपंचांचं भाषण झालं, अजान झाली, लोक नमाज पढून परत आले. मी तसाच पालथा. विनार्सीने भात भरवला. तारमुजी माझ्यावर छत्री धरून बसला होता.

"दाजी, मानेवर डास बसलाय. मारू का?"

"नको. नेम जाईल."

शेवटी उस्तादांनी बंदुकीला कान लावला. "आता ओढ."

फुस्स! छर्रा नळीतून निघाला आणि वीतभर पुढे गवतात पडला. उस्तादांनी तो उचलून नीट निरखला. "शून्य," ते म्हणाले.

बोकडाची दोरी तारमुजीच्या हातात गेली. विनार्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मान वर करवेना. लाजेने तर खरंच, पण ती अवघडलीही होती. तेवढ्यात तारमुजीने दोरी बहिणीच्या हातात दिली. "ताई, बारशाला घे. आम्ही दरवर्षी नुसतं खाऊन संपवतो."

शुक्रवारी बारसं झालं. नातवाचं नाव ठेवलं फहमी. त्याच मांडवात मलाही नवं नाव मिळालं. अख्खी गल्ली आता मला 'अठरा' म्हणते.

फहमी हल्ली अंक म्हणायला शिकलाय. अगदी बरोबर म्हणतो हो! फक्त सतरानंतर 'आजोबा' म्हणतो.