खडकमाळच्या दवाखान्याचे चार डबे

खडकमाळच्या सरकारी दवाखान्यातला शिपाई गोरख यानं आयुष्यात स्वतःच्या डोक्यानं मोजून दोन निर्णय घेतले. पहिला, मोटारसायकल शिकायचा. तो मार्गासनीच्या ओढ्यात संपला. दुसरा, तपासणीसाठी आलेले चार नवेकोरे डबे दवाखान्यात न ठेवता घरी न्यायचा. (लग्न यात धरू नका. ते रत्नाच्या बापानं ठरवलं होतं.)

डबे तसे कचऱ्याचेच, पण रुबाब काय! पिवळा, लाल, निळा आणि त्यांचा धाकटा भाऊ पांढरा. खालची पट्टी पायानं दाबली की झाकण आपोआप वर. शनिवारी टेम्पोतून ते उतरले तेव्हा गोरखनं चारी झाकणं आठ-आठ वेळा उघडून पाहिली. मग त्याच्या मनात आलं, हितं वानरं येतात, पोरंसोरं येतात. मंगळवारच्या तपासणीला डबे करकरीत दिसायला नकोत का? त्यानं ते घरी नेले आणि गोधडीखाली झाकून ठेवले.

मंगळवारची तपासणी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. दवाखान्यातली बाळंतपणाची खोली दोन वर्षं बंद होती. आता दुरुस्ती होऊन, रंग लागून ती तयार होती. पण पुण्याची मॅडम येऊन पास करील तेव्हाच ती उघडायची होती. इकडं गोरखच्या सुनेला, वैष्णवीला, नववा लागला होता. खोली उघडली नाही तर कळा सुरू झाल्यावर पोरीला जीपमध्ये घालून वळणं मोजत शहर गाठायचं. गेल्या साली शेजारच्या साळूबाईची सून अशीच निघाली आणि वाटेतच मोकळी झाली. पोरगं सुखरूप, नाव सार्थक. पण तेव्हापासून जीपचा हॉर्न वाजला की गोरख हातातलं काम टाकून उभा राहायचा. वैष्णवीला तो कारण सांगत नसे. नुसता तिच्या ताटात भाकरीवर तूप जास्त वाढायचा.

तपासणीत शिपायालाही प्रश्न विचारतात, असं डॉक्टर सुलक्षणा मॅडमनी बजावलं होतं. म्हणून गोरख आठवडाभर घरात पाठ करत फिरत होता, "पिवळ्यात रक्ताचा कापूस. लालमध्ये नळ्या. निळ्यात... निळ्यात..."

"काच!" चुलीपासून रत्ना म्हणायची. "आन पांढऱ्यात सुया. अवो, किती डाव सांगू?"

मंगळवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्यानं गोधडी उचलली. खाली काही नाही. बरं, पिवळा डबा म्हणजे काय टाचणी नव्हे, तरी त्यानं गोधडी झटकून पाहिली.

"अगं, डबं कुठं हाईत?"

"साळूबाईकडं. रविवारी सार्थकचं जावळ हुतं न्हाई का? देवळातली भांडी दुसऱ्या वाडीला लग्नाला गेल्याली. त्या मागाय आल्या."

"आन तू दिलेस? कचऱ्याचं डबं?"

"कोरं हुतं की! एक बोळा पडला न्हवता त्यांत. मागितल्यावर न्हाई म्हणू व्हय? आन त्यावरलं ते काळं फूल सगळ्यांना लई आवडलं बगा."

ते काळं फूल म्हणजे 'धोका, हात लावू नये' अशी खूण होती. गोरखच्या डोळ्यांपुढं त्या फुलाशेजारी आमटीचे ओघळ दिसू लागले. चपला घालायचं भान राहिलं नाही. तो तसाच साळूबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"डबं?" साळूबाई शांतपणे म्हणाल्या. "घासून-पुसून सकाळीच दवाखान्यात पोचतं केलं. बाळंतिणीच्या खोलीतलं हाईत म्हनली तुजी बायकू, म्हून तितंच नेऊन ठिवलं. सगळ्या बायकांनी हात लावला. काळजीच करू नगंस."

साळूबाई खोटं बोलत नव्हत्या. गोरख धापा टाकत पोहोचला तेव्हा खोलीत चारी डबे भिंतीशी ओळीनं उभे होते, अगदी झगझगीत. त्याला साळूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पण वेळ नव्हता, कारण दारात जीप उभी होती आणि तपासणीच्या राजनंदिनी मॅडम हातात कागदांचा गठ्ठा घेऊन त्याच खोलीत शिरत होत्या.

मॅडमनी खाट पाहिली, दिवा पाहिला, नळ सोडून पाहिला. कागदावर बरोबरच्या खुणा पडत गेल्या. सुलक्षणा मॅडमच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येऊ लागला.

"तुम्ही इथले शिपाई ना?" राजनंदिनी मॅडम वळल्या. "पायात चपला नाहीत?"

"स्वच्छतेसाठी मॅडम," गोरखनं ठोकून दिलं.

"बरं. पिवळ्या डब्यात काय असतं?"

"रक्ताचा कापूस!" गोरखनं छाती काढून सांगितलं.

मॅडमनी पट्टी दाबली. झाकण वर आलं. आत डिंकाचे लाडू होते.

मॅडमनी लालची पट्टी दाबली. आत जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी आणि लंगोट, घडी करून. निळ्यात गुडघाभर आंबेमोहोर तांदूळ आणि वर तुपाची बरणी. पांढऱ्यात सुयांच्या जागी हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, बाळगुटीचं सगळं सामान.

"हे काय आहे?" मॅडमचा आवाज चढला.

नवऱ्याच्या चपला घेऊन मागोमाग आलेली रत्ना दारातच होती. शेजारी सार्थकला कडेवर घेऊन साळूबाई.

"बाई, चूक माजी हाय," साळूबाई पुढं झाल्या. "मागून आणल्यालं भांडं रिकामं कसं परत करायचं? त्यातनं हे बाळंतिणीच्या खोलीतलं. म्हून घराघरातनं बायकांनी बाळंतविडा घातला. पयली जी कोन हितं बाळंत हुईल तिला. हे बगा, माजा नातू. ह्यो जीपमदी झाला. माज्या सुनंचा हात धराया बी जागा न्हवती."

सार्थकनं नव्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवला आणि राजनंदिनी मॅडमच्या पेनाला धरलं. मॅडमनी ते सोडवून घेतलं नाही.

"आणि ह्या डब्यात खरं काय टाकायचं, हे इथं कुणाला माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

रत्नानं पदर सावरला. "पिवळ्यात रक्त लागल्याला कापूस. लालमदी सलाइनच्या नळ्या. निळ्यात काच. पांढऱ्यात सुया, त्या बी टोपण न घालता. आन डबा पाऊण भरला की बांदायचा." शेवटचं तर गोरखनं कधी वाचलंसुद्धा नव्हतं.

मॅडमनी खोली पास केली. पण सवलत दिली नाही. हे डबे आता घरी न्या, आठ दिवसांत नवे आणा, फोटो पाठवा, असं लिहिलं. खाली शेरा मारला: 'शिपायास प्रशिक्षणाची नितांत गरज. शिपायाच्या पत्नीस गरज नाही.' सुलक्षणा मॅडमनी तो शेरा मोठ्यानं वाचला, आणि वाचता वाचता त्यांचेच डोळे भरून आले.

तेविसाव्या दिवशी वैष्णवीला कळा सुरू झाल्या. जीप आली नाही, हॉर्न वाजला नाही. सासू हात धरून बसली होती. गोरख दाराबाहेर नव्या चपला घालून उभा होता आणि आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा तोही रडला, चारचौघांत, मोठ्यानं. मुलगी झाली. डिंकाचे लाडू तिच्या आईनं खाल्ले. (त्यातले दोन लाडू आजोबांनी.)

ते चार डबे अजून गोरखच्या घरी आहेत. पिवळ्यात ओले लंगोट, लालमध्ये धुतलेले, असा रत्नाचा नियम आहे. परवाच नात मांडीवर असताना ओली झाली. गोरखनं कौतुकानं लंगोट सोडला, दिमाखात उठला आणि तो टाकायला लाल डब्याची पट्टी दाबली.

"पिवळा!" रत्ना ओरडली. "पिवळा!" आतून वैष्णवी ओरडली.

आणि नात, जिला अजून मानसुद्धा धरता येत नव्हती, तीही किंचाळली.